लाल दोऱ्याची टोपली

“बाबा, बाजारात विश्वास ठेवावा तर कुणावर ठेवावा?”

वामनशेठ चुरींनी बसता बसताच विचारलं. टोपलीतल्या पनीरचे मोठे व्यापारी. गोड बोलण्यात त्यांचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नाही. दर गुरुवारी खाडीकाठच्या पिराशी या म्हाताऱ्या फकिराच्या पाया पडायला यायचे. लोक या फकिराला मुंगीबाबा म्हणत. मुंग्यांना साखर घातल्याशिवाय ते घास घेत नसत.

“काय झालं?”

“गिऱ्हाईक म्हणतं, तुझ्या पनीरनं पोरं ओकली. माझ्या! अहो, सकाळी मांडलेली टोपली रात्री बघा. ना वास, ना आंबट. माशीसुद्धा बसत नाही!”

“माशीसुद्धा नाही...”

“बाजाराच्या मालाला जरा औषध लागतं, एवढंच. तुमच्यासाठी मात्र घरची आणलीय. बिनऔषधाची. ही बघा खूण.”

वेताची इवलीशी टोपली, आत पांढरंशुभ्र पनीर, काठाला लाल दोरा.

बाबांनी चिमूटभर तोडून वारुळापाशी ठेवलं.

मुंग्यांची रांग आली. पनीरपाशी थबकली. मग दुभंगली आणि लांबून वळसा घालून पुढं गेली.

बाबांनी त्यावर साखर भुरभुरली.

साखरेलाही कुणी तोंड लावलं नाही.

भर दुपार. ओहोटीच्या चिखलात एकही खेकडा हलेना. वाराही पडलेला.

वामनशेठ हसायला गेले. हसू आलं नाही.

“पोटं भरली असतील त्यांची...”

“दोरा कुणी बांधला?”

“मीच. म्हणजे... घरच्या न् बाजाराच्या टोपल्या एकाच निवळीत, पनीरच्या पाण्यात, तरंगत होत्या, घरच्यांचे दोन दोरे सुटून आले होते वर. घरच्या कोणत्या, ते अंदाजानं ठरवून बांधले.”

“दोन?”

वामनशेठच्या तोंडचं पाणी पळालं. दुसरी टोपली सकाळीच स्वयंपाकघरात गेली होती. बाळंतपणाला माहेरी आलेल्या इंदूसाठी. पोरीला पनीर फार आवडतं...

ते धडपडत उठले. अनवाणीच पायवाटेला लागले, मग वळले.

“बाबा, ती तरी घरचीच असेल ना? सांगा ना हो!”

बाबा खाली बघत होते. वामनशेठच्या चपला तिथंच राहिल्या होत्या. मुंग्या आता त्यांनाही वळसा घालत होत्या.

“यापुढं हिशेब खरा ठेव, बेटा. घराला न् बाजाराला एकच टोपली ठेव.”