आंबा कुठे होता

कंपाला शहरात आता एकट्या नामुबिरूबाईंचं ऑनलाइन दुकान उरलं होतं. बाकी सगळ्यांनी आपापली दुकानं परदेशातल्या एका बड्या कंपनीला विकली होती. चहाला घटकाभर थांबेल असंही कुणी राहिलं नव्हतं.

कंपनीचे साहेब येऊन म्हणाले, "बाई, आमच्याकडे साऱ्या जगाचा नकाशा आहे. तुमच्याकडे काय आहे? विकून मोकळ्या व्हा."

"विकते. आधी एवढं पार्सल पोचवून या."

पत्ता होता: पडलेल्या आंब्याच्या झाडामागे, शिंपीणबाई.

दुपार कलली तेव्हा बाईंचा फोन वाजला. साहेबच होते. "तो आंबा नक्की कुठे होता हो?"

बाईंनी नीट वाट सांगितली. मग म्हणाल्या, "मी दुकान विकल्यावर हे कुणाला विचाराल, साहेब?"

पलीकडून फोन ठेवला गेला. बाईंनी एकटीपुरता चहा टाकला.