श्रावणात कोरलेला दस्ता

डोंगराला टेकून वसलेल्या एका गावात परवान्याच्या बंदुका होत्या तीन आणि सुतार होता एक. बंदुका होत्या रानडुकरांपासून भात राखायला. तिन्हींत चांगली रायफल आत्माराम राऊळाची. कारखान्यातून आली तशीच, बारा वर्षं झाली तरी दस्त्याच्या लाकडावर ओरखडा नाही. नेमही त्याचा पक्का. बायका कापणीला उतरल्या की आधी बांधाकडे बघत. तिथे आत्माराम दिसला की बिनघोर विळे चालवत.

माणूस वाईट नव्हता हो. फक्त दोन खोडी होत्या त्याला. एक म्हणजे, मनात आलं की ते आजच व्हायला हवं. आणि दुसरी, चुकलं तर ते कबूल करणं याच्या अगदी जिवावर यायचं.

त्याच्या घराच्या मागच्या दाराचंच बघा. एका पावसाळ्यात ते फुगून चौकटीत अडकायला लागलं. त्या दिवसांत सगळ्यांचीच दारं अडकतात. लोक खांद्यानं धक्का देतात आणि दिवस काढतात. या बहाद्दरानं रंधा घेतला आणि दार तासून टाकलं. उन्हाळ्यात लाकूड सुकलं आणि अशी फट पडली की शेजारचं मांजर तिच्यातून येऊन दूध पिऊन जाऊ लागलं. आत्माराम म्हणाला, "वारा यायला मुद्दामच ठेवलीय."

त्याची बायको अनसूया तोंडाला पदर लावून हसली. "हो तर! मांजरालाही वारा हवाच की!"

पुढे एका श्रावणात परवान्याच्या कामाला तो तालुक्याला गेला. तिथे त्याला दुसऱ्या गावचा एक बंदूकवाला भेटला. त्याच्या रायफलीला खालून काडतुसांची लोखंडी पेटी लावलेली होती. मॅगझिन म्हणतात तिला. रिकामी झाली की खट्‌कन काढायची, भरलेली दुसरी खट्‌कन बसवायची. आत्मारामच्या रायफलीत पाच काडतुसं मावत आणि ती वरून एकेक करून भरावी लागत. बारा वर्षांत सहावं काडतूस त्याला कधी लागलं नव्हतं. पण तो खट्‌ आवाज काही त्याच्या डोक्यातून जाईना. आठ दिवसांत त्यानं शहरातून तशी पेटी आणली, आणि पेटी जिच्यात अडकते ती लोखंडी चौकटही आणली. आता चौकट बसवायला दस्ता खालून कोरायला हवा होता. तो धाकू मेस्त्रीकडे गेला. गावातला एकुलता एक सुतार तो हाच.

धाकूनं रायफलीला बोटसुद्धा लावलं नाही. "अरे, बंदुकीचं काम करायचा परवाना कुठाय माझ्याकडे? परवानेवाल्या कारागिराकडे जा. आणि जाशील तेव्हा दिवाळीनंतर जा. आत्ता लाकूड पाणी पिऊन बसलंय."

"तोवर काय हात जोडून बसू?"

"बारा वर्षं काय अडलं होतं तुझं?"

झालं! आत्माराम फणकाऱ्यानं घरी आला आणि पडवीत गोणपाट पसरून स्वतःच पटाशी घेऊन बसला.

"अहो, मागचं दार आठवा," अनसूया म्हणाली.

"दार वेगळं आणि रायफल वेगळी!"

लाकूड फुगलेलं. चौकट आत जाईना. त्यानं थोडं कोरलं, तरी जाईना. अजून कोरलं, कानस मारली. चौथ्या दिवशी चौकट गच्च बसली आणि पेटी खट्‌ वाजली. मग काय विचारता! येईल त्याला पडवीत बसवून तो ते खट्‌ ऐकवी.

गणपती झाले, दसरा झाला, पाऊस गेला. आश्विनाचं ऊन कडकडीत तापलं. कापणीला चार दिवस राहिले तेव्हा आत्मारामनं रायफल पुसायला खाली घेतली. घेताना ती खुळखुळली. त्यानं दस्त्यावर हलकीशी थाप मारली तर चौकट हलली आणि पेटी सुटून त्याच्या पायावर पडली. लाकूड सुकलं होतं. मागच्या दाराला पडली होती तशीच फट इथेही पडली होती. 

बघा, अजूनही काही बिघडलं नव्हतं. दुसऱ्या दोन बंदुका गावातच होत्या. "यंदा माझी रायफल नको" एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण ते बोलायचं म्हणजे धाकू खरा ठरणार, बायको हसणार! त्यानं पुठ्ठ्याची घडी करून फटीत ठोकली आणि रायफल परत खुंटीला टांगली.

दुसऱ्या दिवशी पाणंदीत धाकू भेटला. "काय रे, पेटी काय म्हणतेय?"

"एकदम घट्ट."

धाकूनं त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "यंदा बांधावर आणखी एक बंदूक ठेवू या का? बरं पडेल."

"का? माझ्यावरचा भरवसा उडाला वाटतं तुमचा?"

 धाकू आपल्या वाटेनं चालता झाला.

कापणीच्या दिवशी सकाळी पाच बायका शेतात उतरल्या. सगळ्यांनी बांधाकडे बघितलं. आत्माराम होता. अनसूया सगळ्यात पुढे, तिच्या शेजारी म्हातारी भागीरथी. भात चारी बाजूंनी कापत आणलं की मधे एक तुकडा उरतो आणि आत दडलेलं जनावर त्यात कोंडलं जातं. तसंच झालं. दुपार व्हायच्या आत त्या तुकड्यातून भलं मोठं डुक्कर फुसफुसत बाहेर आलं.

आत्मारामनं नेम धरून गोळी झाडली. गोळी डुकराच्या खांद्यात बसली. पण त्याच हिसक्यानं पुठ्ठा उडाला आणि पेटी निसटून बांधाखालच्या चिखलात जाऊन रुतली. त्यानं खटका ओढला, पुन्हा ओढला. रायफल रिकामी होती. जखमी डुक्कर वळलं आणि सरळ बायकांच्या अंगावर धावलं.

"पळा!" तो किंचाळला.

तिघी पळाल्या. भागीरथीला पळवेना. अनसूयेनं तिला बांधावर ढकललं आणि तेवढ्यात डुकराचा सुळा अनसूयेच्याच मांडीत घुसला. आत्माराम धावत आला आणि त्यानं रायफल काठीसारखी उगारून डुकराच्या डोक्यात घातली. त्यानं जिथे कोरला होता तिथेच दस्ता मोडून त्याचे दोन तुकडे झाले. नशीब, डुक्करही गलितगात्र झालं होतं. ते लडखडत ओहोळापर्यंत गेलं आणि तिथे पडलं.

अनसूयेला उचलून न्यायला काहीतरी फळी हवी होती. आरडाओरडा ऐकून माणसं जमली होती, धाकूही आला होता. आत्मारामचं घर जवळच होतं. धाकू पळत गेला आणि मागचं दार बिजागऱ्यांवरून उचलून घेऊन आला. सैलच होतं ते, लगेच निघालं. तिला त्यावर निजवून चौघांनी खांद्यावर घेतलं. मांडीला बांधलेलं लुगडं रक्तानं भिजलं होतं. तशातही ती दाराकडे बघून म्हणाली, "दार परवडलं हो. त्यातनं नुसतं मांजर आलं होतं."

आत्मारामला रडू फुटलं. मग त्यानं ते सांगून टाकलं, सगळ्यांदेखत. "पेटी सैल झाली होती गं. मला चार दिवसांपूर्वीच कळलं होतं."

इतका वेळ अनसूया कण्हत होती, पण रडली नव्हती. आता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "चार दिवस?" ती म्हणाली. "चार दिवस माहीत होतं, आणि आज सकाळी मला सगळ्यांच्या पुढे उभं केलंत?"

 तिनं तोंड फिरवलं ते दवाखाना येईपर्यंत.

जखम भरली, पण पाय लंगडा राहिला. आत्मारामनं मोडकी रायफल स्वतः चौकीत नेऊन दिली. न विचारता फेरफार केला म्हणून परवानाही गेला. पुढच्या वर्षी बांधावर दुसऱ्याची बंदूक होती. आत्माराम खाली शेतात होता, सगळ्यात पुढे, अनसूयेच्या जागी, हातात विळा घेऊन. आणि दर चार मुठी भात कापला की तो मान वर करून बांधाकडे बघत होता.

तात्पर्य: उतावळेपणानं केलेली चूक एक वेळ निभावते, पण ज्यांचा जीव आपल्या भरवशावर आहे त्यांच्यापासून ती लपवली, तर तिचा घाव आपल्याला नाही, त्यांना बसतो.