सभागृहातलं वाळवण

सोनतळ नावाचं एक नगर होतं. कुठे होतं ते विचारू नका, मलाही आता नीट आठवत नाही. तिथला राजा मनाने भला, पण जरा स्वप्नाळू. महालामागच्या तळ्यात त्याने कमळं लावली होती. त्या तळ्यासाठी नदीचं पाणी पाटाने वळवलं, आणि खालच्या आळीच्या विहिरी आटल्या. बायका कोसभर चालून पाणी आणू लागल्या. अख्ख्या नगराला हे ठाऊक होतं, फक्त राजाला नव्हतं. त्याला सांगणार कोण?

लोक आपल्याशी मोकळं बोलत नाहीत, ही हुरहुर मात्र राजाला होती. म्हणून त्याने मोठं सभागृह बांधलं. दारावर पहारेकरी ठेवला नाही. कुणीही यावं, काय ते सांगावं, अशी दवंडी पिटली. पण कुणी फिरकेना. चुकून कुणी आलंच तर ते हात जोडायचं, सगळं ठीक आहे म्हणायचं आणि पायाला पाय लावून पळायचं. पांढऱ्याशुभ्र फरशीवर दिवसभर पारवे तेवढे फिरायचे.

राजाने म्हाळप्पा पाथरवटाला बोलावलं आणि बांधकामात काय चुकलं ते विचारलं. म्हाळप्पा म्हणाला, "महाराज, इथे गाऱ्हाण्याशिवाय कुणाला येता येतं का? आणि गाऱ्हाणं घेऊन आलेला माणूस आधीच घाबरलेला असतो."

मग तो आठ दिवस नगरात हिंडला, कुणाला कशाची अडचण आहे ते विचारत. बायका म्हणाल्या, आळ्या अरुंद, धूळ फार, वाळवण घालायला जागाच नाही. म्हाळप्पाने सभागृहाच्या उंच पायऱ्या काढल्या. मधलं छप्पर उतरवून लख्ख उन्हाचं अंगण केलं, भोवती सावलीची पडवी. राजाचं आसनही पडवीतच. प्रधानाने कपाळावर हात मारून घेतला. दरबारात पापड!

चैत्रात बायका आल्या. जुनी धुवट लुगडी अंथरून त्यांनी पापड पसरले. म्हातारे डुलकी काढायला आले, पोरं खेळायला. हिंगाचा वास, ऊन, बोलण्याची गुणगुण. राजाचेही डोळे जड व्हायचे, आपण जागे आहोत की स्वप्नात हेच त्याला कळेनासं व्हायचं.

एका दुपारी सावळाई नावाची खालच्या आळीची म्हातारी त्याच्याजवळ बसून काठीने कावळे हाकत होती. तिने राजाच्या हातावर पापडाची लाटी ठेवली. ती चघळत राजाने सहज विचारलं, यंदा नुसते पापडच कसे, कुरडया का नाहीत?

"कुरडयांचा गहू तीन दिवस भिजवावा लागतो, बाबा. रोज पाणी बदलायचं," म्हातारी म्हणाली. "एवढं पाणी आमच्या आळीत कुठून आणू? ते तर तुझ्या कमळांना जातं."

प्रधान ताडकन उठला, राजाने त्याला हातानेच खाली बसवलं. राजाला राग आला होता, खोटं कशाला सांगू? कमळांवर त्याचा फार जीव होता. तरी तो उठला, अनवाणीच नदीवर गेला आणि पाटाचं दार त्याने स्वतःच्या हाताने बंद केलं.

महिन्याभरात विहिरींना पाणी आलं आणि कमळं सुकली. राजा सभागृहात आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. वाईट वाटतंय, हे त्याने लपवलं नाही. सावळाई आपल्या चटईवर जरा सरकली आणि तिने त्याला बसायला जागा करून दिली.

तात्पर्य एवढंच: लोकांनी खरं बोलावं असं वाटत असेल, तर नुसतं दार उघडं ठेवून भागत नाही. त्यांच्या रोजच्या कामाला तिथे जागा द्यावी लागते, आणि जे ऐकू येईल ते सोसावंही लागतं.