डबरूचा घट्ट बनियन

फार पूर्वी, जेव्हा बेडूकसुद्धा बनियन घालायचे ना, तेव्हा एका तळ्यावर डबरू नावाचा बेडूक राखण करायचा. काम एकच, पण जबरदस्त! धामण दिसली की छाती फुगवून ओरडायचं, म्हणजे सगळे पटापट पाण्यात.

त्याला हवा होता नवा बनियन, एकदम फिटिंगचा. पानं शिवणारी शिंपीण चिमणी माप घ्यायला आली, तर यानं पोट आत ओढलं ते ओढलंच.

"अरे, श्वास सोड की! दोन बोटं तरी सैल ठेवते."

"नको ताई! सैल बनियनात मी माठ दिसतो."

"मग ओरडशील कसा?"

"ते माझं मी बघतो. तू शिव!"

दुसऱ्या दिवशी डबरू नवा बनियन घालून पहाऱ्याला, बाकी सगळे काठावर ऊन खात बसलेले, आणि गवत हललं. धामण! डबरूनं तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. काखेत काचलं, छाती आवळली, श्वास मध्येच अडकला. धामण सरकत सरकत त्याच्या धाकट्या बहिणीच्या मागे पोचली, आणि हिला पत्ताच नाही! दिसणं गेलं खड्ड्यात! डबरूनं होता नव्हता तेवढा जोर लावून पोट फुगवलं. बनियन टर्रकन फाटला, आणि असा काही "डराँव" निघाला की क्षणात काठ रिकामा. धामणीच्या तोंडात नुसतं गवत आलं. ती फणफणत निघून गेली.

बहीण पाण्यातून वर आली. "दादा, एवढा वेळ काय करत होतास रे?"

डबरूनं अंगावरच्या चिंध्या काढल्या आणि सगळ्यांसमोर, पोट सोडून, पहाऱ्याला बसला.