गुरुवारचा वाफा

गुरुवार. सकाळचे सात. कृष्णाकाठच्या एका गावाबाहेर, अक्कांच्या घरामागची परसबाग. मे महिना संपत आलेला.

"वांग्याचे दोन वाफे कशाला रे?"

सुहास शिंत्रे टोपली घेऊन वाफ्यात उकिडवा बसला होता. प्रश्न ऐकून तो हसला. हा प्रश्न कधीतरी येणार हे त्याला ठाऊक होतं. तो यावा अशी इच्छाही होती.

"तुम्ही आज पहिल्यांदाच बागेत आलात, अक्का. आधी सगळी बाग तर बघा."

"बघते की. दोन कशाला?"

अक्कांनी आयुष्यभर मागावर बसून लुगडी विणली. आता डोळ्यांना दिसत नाही तितकं, म्हणून माग बंद आहे. त्यांचा मठ नाही, दारावर पाटी नाही. लोक येतात, ओट्यावर बसतात, काहीतरी विचारतात. उत्तर मिळतंच असं नाही. दर गुरुवारी दुपारी मात्र जो येईल त्याला जेवायला मिळतं. येतात ते बहुतेक शेजारच्या वीटभट्टीवरचे.

सुहास कृषी पदवीधर. बियाण्यांच्या कंपनीतली नोकरी सोडून आला. त्याला अक्कांचा अनुग्रह हवा होता. माघात त्यानं तो मागितला तेव्हा अक्कांनी घरामागच्या पडीक जागेकडे बोट दाखवलं होतं.

"इथं काही येतंय का बघ. मिरगाच्या आत सांग."

"आणि अनुग्रह?"

"तेव्हा बघू."

मृग आता दारात आलं होतं. सुहासला आज बोलायचंच होतं. त्यानं सांगायला सुरुवात केली.

शिवरात्रीला इथं विटांचे तुकडे आणि बाभळीची खोडं होती. त्यानं ती काढली. शेणखत घातलं, भट्टीवरची राख घातली. शिमग्याला वांग्याची रोपं लावली, भेंडी टोकली, गवार टोकली. पाडव्याला दोडका मांडवावर चढला. चैत्रात संध्याकाळी मांडव पिवळा व्हायचा, इतकी फुलं. वैशाखात ऊन असं पडलं की गावातल्या विहिरीकडेच्या बागासुद्धा करपल्या. त्यानं मुळांशी उसाचं पाचट अंथरलं, जुनी लुगडी बांधून सावली केली, पहाटे उठून तांब्यातांब्यानं पाणी घातलं.

"एक रोप मेलं नाही, अक्का."

हे सगळं खरं होतं. बाग हिरवीगार होती. आसपास तेवढंच हिरवं होतं.

अक्का मांडवाखाली गेल्या. वर बघितलं.

"दोडका धरला नाही?"

"फुलं येतात. हल्ली धरत नाही. मधमाश्या कमी झाल्यात."

"कुठं गेल्या?"

सुहासनं खांदे उडवले. "उन्हाळा आहे."

अक्का पुन्हा वांग्यांकडे आल्या. घराला लागून असलेला वाफा लहान होता. त्यातल्या वांग्यांना भोकं होती, शेंडे मान टाकून लोंबत होते. कुंपणाकडचा वाफा मोठा. त्यातली वांगी जांभळी, तुकतुकीत. एकालाही डाग नाही.

"हा कुणाचा?" अक्कांनी लहान वाफ्याकडे बघत विचारलं.

"तुमचा."

"आणि तो?"

"गुरुवारचा."

अक्का अळणी जेवतात. पोटाच्या दुखण्यामुळे त्यांचं मीठ-तिखट बंद आहे. त्यांची भाजी वेगळ्या पातेलीत होते. पातेली वेगळी, म्हणून सुहासनं वाफाही वेगळा केला.

"बरं केलंस," अक्का म्हणाल्या. "पण किड्यांना माझंच वांगं गोड लागतं होय?"

सुहास पुन्हा हसला. आता तो क्षण आला होता.

"तुमच्या वाफ्याला मी कसलंही औषध लागू दिलं नाही, अक्का. एक थेंब नाही. तुमच्या पोटात विष जाऊ देणार नाही मी."

अभिमानानं म्हणाला. 'अभिमानानं' हा शब्द इथं विचार करून वापरला आहे.

कुंपणापलीकडून भट्टीवरच्या बायकांचा आवाज येत होता. कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं.

"आणि गुरुवारच्या वाफ्याला?"

"तिथं फवारतो."

"कधीपासून?"

सुहासनं टोपली खाली ठेवली. "चैत्रातला तो गुरुवार आठवतो ना? मुकादमाच्या पानात अळी निघाली तो?"

अक्कांना आठवत होता. भट्टीचा मुकादम भाजीतली अळी बोटावर धरून ओट्यावर ओरडला होता, "अक्का, आज मटण हाय की! आधी सांगायचं, लिंबू आणलं असतं!" पंगत खदखदून हसली होती. सगळ्यांत मोठ्यानं हसली होती गौरव्वा, जतकडच्या टोळीतली. तिनं आपल्याही भाजीतली एक अळी काढून बाजूला ठेवली आणि सुहासला म्हणाली, "सायब, भिऊ नगा. किडा जगतोय म्हंजे आमीबी जगतोय." आणि ताटली पुसून खाल्ली होती.

सुहास तेव्हा वाढत होता. त्याचे कान तापले होते.

"लोक हसले, अक्का. तुमच्या अन्नाला हसले."

"मीपण हसले होते."

"पण बाग माझी होती ना!"

बोलून झाल्यावर त्याला स्वतःचं वाक्य ऐकू आलं असावं. तो घाईनं पुढं म्हणाला, "तुमचं नाव गेलं असतं. गावभर झालं असतं, अक्का किडकं घालतात म्हणून."

"फवारतोस कधी?"

"बुधवारी."

"बुधवारी कधी?"

"संध्याकाळी. म्हणजे गुरुवारी तोडताना अळी राहत नाही."

"औषधाच्या डब्यावर काय लिहिलंय?"

सुहासनं टोपलीतली वांगी उगाच सारखी केली.

"तू शिकलेला आहेस. मला चष्म्याशिवाय दिसत नाही. काय लिहिलंय?"

डबा खताच्या पोत्यामागं होता. त्यावर लाल त्रिकोण होता, जहाल विषाची खूण. त्याचा अर्थ काय हे सुहास नोकरीत असताना शेतकऱ्यांना मेळाव्यात समजावून सांगत असे. काही जणांना त्यानं त्यावरून झापलंही होतं.

"फवारल्यावर आठवडाभर तोडू नये," तो म्हणाला.

"काल बुधवार होता."

सुहासची नजर खताच्या पोत्याकडे गेली.

"काल फवारलंस?"

"धुतो ना आपण, अक्का. मिठाच्या पाण्यात. शिजवतो. बाजारात येतं ते सगळं असंच असतं. सगळे तेच खातात, कुणाला काही होत नाही. मी मात्रा पण कमी…"

अक्का खाली वाकल्या. गुरुवारच्या वाफ्यातलं एक वांगं तोडलं. पदराला पुसलं.

आणि कच्चंच चावलं.

"अक्का!"

सुहासनं झेप घेतली. टोपली लाथेनं उडाली. त्यानं अक्कांच्या हातावर जोरात फटका मारला, वांगं दूर जाऊन पडलं. दुसऱ्या हातानं त्यानं त्यांचा जबडा धरला, दोन बोटं त्यांच्या तोंडात घातली आणि घास ओढून काढला.

"थुंका! थुंका अक्का, पाणी घ्या… गिळू नका… थुंका म्हणतो ना!"

ज्या माणसाच्या पायांना हात लावण्याआधी तो आंघोळ करायचा, त्या माणसाच्या तोंडात त्याची मातीनं भरलेली बोटं होती. नख लागून अक्कांच्या ओठातून रक्त आलं.

अक्का थुंकल्या. तांब्या घेतला. चूळ भरली. पुन्हा भरली. पदरानं ओठ टिपला.

"चांगलं धावलास," अक्का म्हणाल्या. "मागच्या गुरुवारी हा हात कुठं होता?"

सुहासनं आपल्या हाताकडे बघितलं.

"वाढत होता," तो म्हणाला.

मागच्या गुरुवारी जे घडलं, ते भट्टीवर सगळ्यांना माहीत आहे. विचारलं तर कुणी सांगत नाही, एवढंच. भरलं वांगं होतं. गौरव्वानं दोनदा मागून घेतलं. "वाढा की सायब, हात का आखडताय? तुमच्या लग्नात येऊन परत करतो," म्हणाली. तिला दिवस गेले होते, भूक लागायची. सुहासला बरं वाटलं. काठाला भोक असलेल्या तिच्या ताटलीत त्यानं सगळ्यांत मोठं वांगं घातलं होतं.

जेवण झालं, ताटली ओट्यावरच ठेवून ती भट्टीवर गेली. ऊन उतरायच्या आत तिला उलट्या सुरू झाल्या. तोंडाला फेस आला. आणखी काही जणांना मळमळलं. मुकादम म्हणाला, ऊन लागलं. मग सगळेच म्हणाले, ऊन लागलं. तिला विटांच्या टेम्पोत घालून नेलं.

सुहासनंही तेच म्हटलं होतं. ऊन लागलं. आणि काल, बुधवारी संध्याकाळी, पाठीवर पंप बांधला होता.

"तिचं काय झालं, विचारलंस?"

"मुकादम म्हणाला, बरी आहे."

"मी शुक्रवारी तालुक्याला गेले होते," अक्का म्हणाल्या.

हे सुहासला माहीत नव्हतं. त्याला वाटलं होतं, अक्का बहिणीकडे गेल्यात. एस.टी.नं जाऊन त्या सरकारी दवाखान्याच्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसल्या होत्या. खिडकीतला माणूस म्हणाला, या नावाची बाई आलेलीच नाही. खाजगीत नेलं असेल. खाजगीतले म्हणाले, भट्टीवरचे लोक इथं कशाला येतील. मुकादम म्हणाला, नवऱ्यानं परस्पर गावाला नेलं. नवऱ्याचा फोन बंद. भट्टीमालक म्हणाला, मजूर माझे नाहीत, मुकादमाचे. शनिवारी जतकडची टोळी निघून गेली. मोसम संपायला अजून अवकाश होता. एवढ्या लवकर टोळी कधी जात नाही.

एक बाई टेम्पोत घातली गेली. टेम्पो रिकामा परत आला. या दोन गोष्टींच्या मधलं कुणालाही माहीत नाही, आणि ते माहीत करून घेणं हे कुणाचंच काम नाही.

सुहास खाली बसला. त्याच्याभोवती वांगी पसरली होती. एकालाही डाग नव्हता.

"मी कुणाला मारायला नाही केलं, अक्का."

"नाही."

"तुमच्यासाठी केलं."

"हो. माझा वाफा वेगळा ठेवलास."

आणि मग त्या म्हणाल्या, "म्हणजे तुला कळत होतं."

कुंपणापलीकडे भांड्यांचा आवाज झाला. दुसरी टोळी अजून भट्टीवर होती. त्यातल्या दोघीतिघी सकाळीच धुतलेल्या ताटल्या घेऊन अक्कांच्या ओट्याकडे ठेवायला निघाल्या होत्या, जागा धरायला. एकीनं कुंपणावरून डोकावून विचारलं, "अक्का, आज काय?"

"माझ्या वाफ्यातली वांगी," अक्का म्हणाल्या. "किडकी आहेत. बघून खा."

"चालतंय की!" ती हसत पुढं गेली.

अक्कांनी कोपऱ्यातली कुदळ सुहाससमोर ठेवली. तो उठला. कुंपणाकडचा वाफा त्यानं मुळापासून खणला. शिमग्याला लावलेली, वैशाखात तांब्यातांब्यानं जगवलेली झाडं फळांसकट खड्ड्यात गेली. डबाही उचलून तो खड्ड्यात टाकायला निघाला.

"डबा नको," अक्का म्हणाल्या. "तो राहू दे. बघायचं म्हणेल कुणी."

त्यानं डबा बाजूला ठेवला. खड्डा बुजवून झाला तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. त्याच्या तळहाताला फोड आले होते. तो अक्कांसमोर येऊन उभा राहिला. पाया पडला नाही. हात पुढं करायची त्याला लाज वाटत होती.

"अक्का, बाग तर गेली. मी आता काय सांगायचं? मिरगाच्या आत सांग म्हणाला होतात."

अक्का घरात गेल्या. आत फळीवरून काहीतरी काढल्याचा आवाज झाला. सुहासला वाटलं, अनुग्रहाची माळ. एवढं होऊनही त्याला तेच वाटलं.

त्या बाहेर आल्या. हातात जर्मलची एक ताटली होती. एका बाजूला चेपलेली, काठाला खिळ्यानं पाडलेलं भोक, ओळखायची खूण म्हणून. घासूनपुसून लखलखीत केलेली.

त्यांनी ती सुहासच्या हातात दिली.

"ही न्यायला कुणी आलेलं नाही."