ताकाची पहिली वाटी

एका राज्यात, जिथे पक्षी माणसांची बोली बोलत आणि माणसे मात्र नेमकी बोलायच्या वेळी गप्प बसत, देवतळे नावाचे गाव होते. त्या गावात वेणूआई नावाची सुईण होती. झाडून सारा गाव तिच्याच हातांवर जन्मला होता. बाळ जन्मले की ती बाहेर येई. अंघोळीला पाणी दिले म्हणून तळ्याला हात जोडी, ते तापवायला लाकूड दिले म्हणून जांभळीला हात जोडी, आणि दुपटे टाचायला काटा दिला म्हणून बाभळीलाही हात जोडी. लोक हसत. ती हसणाऱ्यांनाही हात जोडी.

गावाची एक जुनी रीत होती. दही घुसळले की ताकाची पहिली वाटी सुईणीची. गाव वसवणाऱ्या राणीने ती घालून दिली होती. का घालून दिली, ते सगळे विसरले होते. पुढे वेणूआई थकली, तिचे हात थरथरू लागले, बाळंतपणे तिच्याने होईनात. मग एकेक घर वाटी विसरत गेले. विसरले कसले, सोयीने विसरले!

शेवटी एकटे मंजुळेचे घर उरले. तिचे बाळ तान्हे आणि भारी रडके. एका सकाळी वेणूआई खांद्यावरच्या साळुंकीसह तिच्या दारात उभी राहिली.

"मंजुळे, वाटीभर ताक देतेस, बाई?"

"झालं नाही अजून. रोज उठून काय दारात यायचं!" मंजुळा म्हणाली. ताक झाले होते, मागे डेऱ्यात होते.

म्हातारी माघारी वळली. जाताना मात्र ती ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली.

त्या दिवसापासून गावात कुणाच्याच डेऱ्यात लोणी येईना. बायका घुसळून घुसळून थकल्या, पण दही नुसते फिरत राही. मंजुळेचे मन तिला खाऊ लागले. आपले चुकले असे म्हणणे तिच्या जिवावर आले, म्हणून ती पाणवठ्यावर भलतेच बोलली. "म्हातारी जाताना पुटपुटली होती. मी ऐकलं." एवढे पुरे झाले. दुपार होईतो गावाने सुईणीची चेटकीण करून टाकली.

राजा रत्नसेनाच्या कानी हे गेले. तो आपल्या राजमांत्रिकाला, कालकेतूला, घेऊन आला. चेटकिणी ओळखण्यात कालकेतूचा हात कुणी धरत नसे. जिथे एकही नसे, तिथेही त्याला सापडे! त्याने आधी साळुंकीची चोच काळ्या दोऱ्याने बांधली. मग हाडाची काठी उचलून तो म्हणाला, "महाराज, परीक्षा तीन. प्रत्येक परीक्षेला ही थोडी थोडी शिळा होईल. तिन्हींत दोषी ठरली, तर वेशीवर कायमची उभी राहील."

"धर्माप्रमाणे होऊ द्या," राजा म्हणाला.

पहिली परीक्षा पाण्याची. बुडेल ती निर्दोष, तरंगेल ती चेटकीण. म्हणजे निर्दोष ठरायचे तर आधी मरायचे. धन्य तो न्याय! हातपाय बांधून म्हातारीला तळ्यात लोटले. पण तळ्याला तिचे जोडलेले हात आठवत होते. त्याने तिला अलगद वर उचलून धरले.

"आभारी आहे गं, माये," म्हातारी म्हणाली.

"पाहा! पाण्याशी बोलते!" कालकेतू ओरडला. तिचे पाय गुडघ्यांपर्यंत दगड झाले.

दुसरी परीक्षा तराजूची. देवळातल्या घंटेहून जी हलकी भरेल, ती चेटकीण. तराजूची दांडी गावच्याच जांभळीची होती. वेणूआईला पारड्यात बसवताच दांडीने तिची बाजू हळूच वर उचलली, लेकराला उचलावे तशी. शिळा कमरेपर्यंत चढली.

तिसरी परीक्षा काट्याची. काट्याने ज्याचे रक्त निघत नाही, ते माणूस नव्हे. बाभळीचा काटा आणला. कालकेतूने तो दंडाला जोराने टोचला, तर काट्याने आपले टोकच दुमडून घेतले. रक्ताचा थेंब निघाला नाही आणि शिळा गळ्यापर्यंत आली.

बिचारी तळे, जांभूळ आणि बाभूळ! त्यांना येत होते तसे त्यांनी आभार मानले, आणि त्या आभारांनीच म्हातारी दोषी ठरली. तोंड असलेले सारे खाली मान घालून उभे होते.

राजा म्हणाला, "हिच्या बाजूने कुणाला बोलायचे आहे?"

"जो बोलेल, तोही शिळा होईल," कालकेतू म्हणाला.

मंजुळेच्या कडेवर बाळ होते. ते वेणूआईकडे पाहून हसले. दगडात अडकलेली म्हातारीही त्याच्याकडे पाहून हसली. ते पाहून मंजुळेला भडभडून आले. तिने बाळाला शेजारणीच्या हाती दिले आणि ती पुढे झाली.

"महाराज, ताक झालं होतं. मी खोटं बोलले. वेणूआईनं मला या जगात आणलं, माझ्या लेकराला आणलं, आणि मी तिला वाटीभर ताक दिलं नाही. दोष माझा आहे."

कालकेतूची काठी तिच्यावर रोखली गेली. तिच्या पायांची बोटे दगड झाली. तरी वाकून तिने म्हातारीच्या पायाशी बसलेल्या साळुंकीच्या चोचीचा दोरा सोडला.

"त्या दिवशी ही काय पुटपुटली?" राजाने पक्ष्याला विचारले.

साळुंकी हुबेहूब म्हातारीच्या आवाजात बोलली, "पोरगी फार दमली आहे. लेकरू तिला झोपू देत नाही. देवी, त्याला शांत झोप लागू दे. नाहीतर माझी झोप दे त्याला, मला एवढी काय करायची आहे?"

मंजुळा ढसाढसा रडली. रडतच म्हणाली, "कुणीतरी माझा डेरा आणा गं!" डेरा आला. लोणी न आलेल्या त्या दह्यातच तिने वाटी बुडवली आणि ती म्हातारीच्या ओठांशी नेली.

"घे आई. पहिली वाटी तुझी."

म्हातारीने घोट घेतला. शिळा गळ्यापासून खाली वितळत गेली. मंजुळेची बोटेही मोकळी झाली. डेऱ्यातली रवी आपोआप फिरली आणि लोण्याचा गोळा वर आला. कालकेतूची दाढी गवताची झाली, काठी तिथेच गळून पडली आणि दाढी खायला गावातली गाढवे त्याच्यामागे सीमेपार धावत गेली.

मग घराघरांतून वाट्या निघाल्या. राजाने मुकुट काढून ठेवला आणि तोही रांगेत उभा राहिला. वेणूआई प्रत्येकाला नावाने ओळखत होती, प्रत्येकाला हात जोडत होती. ते हात मात्र पूर्वीसारखेच थरथरत होते. म्हातारपण काही शाप नव्हता. म्हणून शेवटपर्यंत वाटी मंजुळेने धरली. शेजारणीच्या कडेवर बाळ गाढ झोपले होते.

त्या राज्याची ही गोष्ट इथे पुरी झाली. ज्या हातांनी तुम्हाला पहिल्यांदा झेलले, त्यांना आमचाही नमस्कार सांगा.