कळकलेली कढी

"माझं कुणी खरं मानीना," असं भिवरा दारोदार सांगत होती आणि दारं तिच्या तोंडावर लागत होती. नदीकाठच्या एका गावातली, फार फार जुन्या काळची ही गोष्ट.

गावजेवणाचं पितळी पातेलं देवळात असे. दर जत्रेआधी त्याला आतून कल्हई लागायची. नाहीतर आंबट पदार्थ पितळेत कळकतो, विषासारखा बाधतो. कल्हईवाल्याच्या मजुरीसाठी घरोघरचं धान्य कारभारी रंगोजीकडे जमा व्हायचं. रांधणं भिवराकडे.

त्या जत्रेला भिवराने विचारलं, "कारभारी, कल्हई झाली ना?"

"झाली गं. तू चूल पेटव."

पहाटेचा अंधार, डोळ्यांत धूर. भिवरा आत वाकून बघायची राहिली. कढी झाली, पंगती उठल्या, आणि दुपारी निम्मं गाव ओकायला लागलं. भिवराची लेकही आडवी पडली.

"हे हिचं पाप," रंगोजी म्हणाला. "हिला वेशीबाहेर काढा, नाहीतर देवी कोपेल."

लोकांनी माना डोलावल्या. लोकांचं काय जातं! भिवरा दारोदार फिरून थकली, तेव्हा देवळात गाव जमलं.

म्हाताऱ्या गुरवाने तेवढं विचारलं, "भिवरे, पातेलं बघितलं होतंस?"

"नाही बघितलं. तो दोष माझा, पदरात घेते. पण पाप म्हणू नका. ठाऊक असतं तर पोटच्या पोरीला वाढली असती का? कारभाऱ्यांना विचारा, नातवंडांच्या पत्रावळींवर हात आडवा का धरला? म्हणे, यांना कढी नको."

"पोरांना खोकला होता," रंगोजी म्हणाला.

"तिन्ही पोरांना एकदम?" गुरवाने विचारलं.

रंगोजीची सून खांबाआड उभी होती. ती हळूच म्हणाली, "खोकला नव्हता, मामंजी. आणि कल्हईचं धान्य आपल्याच कणगीत आहे."

भिवराला वेशीबाहेर काढायची गोष्ट तिथेच मिटली.

भिवराने घरोघरी पेज नेऊन आजाऱ्यांना उठवलं. लेक बरी झाली. पुढच्या जत्रेला गावाने चूल पुन्हा तिच्याच हाती दिली. तिने आधी पातेल्यात डोकं घालून पाहिलं. कारभाऱ्याच्या हातचा प्रसाद मात्र पुन्हा कुणी घेतला नाही.

बाळांनो, थोरांनो, नजर चुकली तर दोष लागतो, तो कष्टाने फिटतो; जाणूनबुजून दुसऱ्याच्या पानात विष जाऊ देणं हे पाप, आणि त्या कढीचं पाप ज्याच्या माथी बसलं, तो रंगोजी.